खोलीतले जहाज ठिगळासारखे का दिसते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे हे उत्तर नेमके कशाला आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. हिराकी सावा या जपानी व्हिडिओ-कलावंताची ‘ड्वेलिंग’ ही कृती तुम्ही पाहिलीत. तिच्यात एका साध्या सदनिकेत खेळण्याएवढी प्रवासी विमाने टेबलावरून उडतात, पलंगावर उतरतात आणि खोल्याखोल्यांतून शांतपणे फिरत राहतात. त्या ओढीने तुम्ही स्वतःच्या खोलीचे मोबाइलवर चित्रीकरण केलेत आणि हाताने काढलेली जहाजे पलंगाखालून निघून खिडकीपर्यंत जाताना दाखवलीत. पाहणारे ‘इफेक्ट छान आहे’ असे म्हणतात, पण स्वप्नात असल्यासारखे कुणालाच वाटत नाही, जहाज खोलीवर ठिगळ लावल्यासारखे दिसते. धूसरपणा वाढवला, जांभळी छटा दिली, खोलीचे चित्रण मंद गतीने चालवले, तरी फरक पडला नाही. आता महागडे सॉफ्टवेअर घ्यावे की थ्रीडी शिकावे, असे तुम्ही विचारता आहात.

दोन्हींची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सावाने ही कृती २००२ मध्ये केली तेव्हा तो लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकत होता, आणि चित्रीकरणाची जागा म्हणजे त्याचे स्वतःचे राहते घर होते. तुमच्या खिशातला कॅमेरा आणि फुकट मिळणारे कंपोझिटिंगचे, म्हणजे वेगवेगळी चित्रे एकावर एक बसवण्याचे, सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. अडचणीचे मूळ साधनात नाही. तुमच्या व्हिडिओत दोन जागा आहेत, एक खरी आणि एक काढलेली, आणि त्या दोघींपैकी कुणाचे नियम चालणार हे ठरलेलेच नाही, ही खरी मेख आहे. खोलीतला प्रकाश डावीकडून येतो, जहाजावरचा समोरून. खोली आपण उभे राहून पाहतो, जहाज मात्र समोरासमोर, बाजूने काढलेले आहे. खोलीत दुपारची स्थिरता आहे आणि जहाज घाईत आहे. पाहणाऱ्याला यातले काहीच शब्दांत सांगता येणार नाही, पण डोळ्याला ते क्षणात खटकते, आणि एकदा खटकले की तो खोलीत राहत नाही, खोलीवर केलेली करामत पाहू लागतो.

स्वप्न धूसर असते ही समजूत आपण सगळेच कुठून तरी उचलतो. मीही सुरुवातीची बरीच वर्षे धुके आणि चकाकी यांवर खर्च केली. स्वतःचे एखादे स्वप्न नीट आठवून पाहा. त्यातला जिना तोच असतो, कठड्याचा गारवाही तोच असतो, फक्त तो जिना घरातून थेट जुन्या शाळेच्या वर्गात उतरतो, आणि त्यात काही वावगे आहे असे आपल्याला वाटत नाही. एवढ्या सगळ्या खऱ्या गोष्टींत एकच नियम बदललेला असतो आणि तो बदल कुणी बोलून दाखवत नाही. म्हणून मी खोलीचे सगळे नियम जसेच्या तसे पाळते, काल्पनिक वस्तूलाही ते लावते आणि त्यांतला फक्त एक मोडते. तुम्ही नकळत सात-आठ नियम एकदम मोडले आहेत, त्यामुळे जो एक मोडायचा होता तो गर्दीत दिसेनासा झाला आहे.

यात काही गोष्टी तुमच्या इराद्यावर अवलंबून आहेत, त्या तुमच्या वतीने मी ठरवू शकत नाही. पहिली म्हणजे, जोड दिसू द्यायचा आहे की नाही. जोड दिसणे हा दोष असतोच असे नाही. दक्षिण आफ्रिकेचा कलावंत विल्यम केंट्रिज १९८९ पासून कोळशाने काढलेले एकच चित्र पुसत, बदलत आणि दर बदलानंतर कॅमेऱ्याने टिपत चित्रपट करत आला आहे. पुसलेल्या रेषांचे करडे डाग कागदावर राहतात आणि तेच त्याच्या कामात स्मृतीसारखे काम करतात. तिथे हात दिसायलाच हवा. दुसरी गोष्ट, कृती कुठे दाखवली जाणार. अंधाऱ्या दालनात अखंड फिरत राहणारी चित्रफीत असेल तर प्रेक्षक मध्येच आत येतो आणि मध्येच जातो, त्यामुळे तिला कथेसारखा आरंभ-शेवट चालत नाही. ताबाइमो या चित्रकर्तीने २०११ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात आरसे लावून आपले ॲनिमेशन भोवताली पसरवले, तेव्हा खरी जागा पडद्याच्या आत नव्हतीच, ती प्रेक्षक उभा होता तिथे होती. तुमचे काम मात्र एका पडद्यावरचे आहे आणि सावाच्या वाटेने जाणारे आहे, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. म्हणून पुढचे सगळे बेमालूम मिसळण्याच्या दिशेने सांगते. तुम्हाला केंट्रिजची वाट हवी असेल तर यातले निम्मे सल्ले उलटे फिरवावे लागतील.

आता मोबाइल कुठे ठेवला होता तिथून सुरुवात करू. हातात धरून, उभ्याने, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवरून तुम्ही चित्रण केले आहे. कॅमेऱ्याची उंची म्हणजेच चित्राची क्षितिजरेषा, हा नियम चित्रकलेच्या पहिल्या वर्षी शिकवतात, पण ॲनिमेशन करताना तो सर्रास विसरला जातो. दीड मीटरवरून जमिनीवरच्या वस्तूकडे पाहिले तर तिचा माथा दिसतो. तुम्ही जहाज मात्र पूर्ण बाजूने काढले आहे, त्याच्या डेकची वरची बाजू कुठेच दिसत नाही. थ्रीडी शिकण्याची गरज तुम्हाला वाटली ती इथेच, पण उपाय त्याहून सोपा आहे. चित्र बदलू नका, कॅमेरा खाली आणा. मोबाइल आडवा करून जमिनीला जवळजवळ टेकवा, भिंग फरशीपासून तीन-चार सेंटिमीटरवर येऊ द्या. आता क्षितिजरेषा जहाजाच्या डेकच्या उंचीवर आली, बाजूचे चित्र आपोआप बरोबर ठरले आणि पलंगाखालचा अंधार एखाद्या बंदराच्या छतासारखा वर पसरला. सावाच्या २००३ च्या ‘मायग्रेशन’मध्ये एडवर्ड मायब्रिजच्या एकोणिसाव्या शतकातल्या गति-छायाचित्रांतून घेतलेल्या आकृती घरातल्या खिडक्यांच्या कडांवरून चालत जातात. ती छायाचित्रे प्रामुख्याने बाजूने घेतलेली होती, आणि कड ही अशी जागा आहे जिथे बाजूचे दृश्य स्वाभाविक वाटते. त्याने तसा विचार करूनच वाट निवडली की नजरेने निवडली, याने फरक पडत नाही, आपण त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

यानंतरचा मुद्दा वेगाचा, आणि माझ्या मते तुमच्या कृतीतली सर्वांत मोठी चूक हीच आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. तुमचे जहाज साधारण वीस सेंटिमीटर लांब दिसते आणि तीन मीटरची खोली ते सहा सेकंदांत ओलांडते. खरे मालवाहू जहाज २०० मीटर लांबीचे धरले तर तुमच्या खोलीत जग हजारपटीने लहान झाले आहे. त्याच हिशेबाने तुमचे जहाज सेकंदाला पन्नास सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या जगात सेकंदाला ५०० मीटर जाते आहे. हवेतल्या आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. मालवाहू जहाज आवाजाला मागे टाकून निघाले, हे डोळा मान्य करत नाही, आणि मग त्याच्याकडे एकच पर्याय उरतो, तो म्हणजे ‘हे जहाज नव्हे, दोरीने ओढलेला कागद आहे’ असे समजणे. खरे जहाज सेकंदाला साधारण १० मीटर जाते, म्हणजे स्वतःच्या लांबीएवढे अंतर कापायला त्याला २० सेकंद लागतात. तुमच्या खोलीत त्याचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर हवा. त्या वेगाने खोली ओलांडायला पाच मिनिटे लागतील.

पाच मिनिटे कोण पाहणार, असे तुम्ही म्हणाल. पण जहाजाने पूर्ण खोली ओलांडलीच पाहिजे असे कुठे आहे? वीस सेकंदांच्या एका शॉटमध्ये त्याने पलंगाच्या पायाआडून फक्त आपली लांबी बाहेर काढावी, आणि पुढच्या शॉटमध्ये ते कपाटाजवळ असावे. मधला प्रवास प्रेक्षक स्वतः करतो, आणि त्याने तो प्रवास मनात केला की खोली मोठी होते. विमानाचा हिशेब याहून सुखाचा आहे, हे सहज सांगून जाते. सुमारे ७० मीटर लांबीचे मोठे प्रवासी विमान उड्डाण करताना सेकंदाला ७० ते ८० मीटर धावते, म्हणजे सेकंदाला साधारण स्वतःच्या लांबीएवढे. ते सात सेंटिमीटरचे केले तर तीन मीटरची खोली ओलांडायला त्याला चाळीसेक सेकंद लागतात आणि खोलीची लांबी बरोबर एका मोठ्या धावपट्टीएवढी, म्हणजे तीन किलोमीटर भरते. घरातली खोली आणि विमान यांची गाठ इतकी सहज का जमते, याचे एक कारण मला या आकड्यांत दिसते. जहाज मुळातच संथ असल्यामुळे त्याला खोलीत आणणे अधिक अवघड आहे, पण संयम ठेवला तर त्यातून येणारी शांतता विमानाला साधणार नाही अशी असते.

हाच हिशेब डुलण्यालाही लावा. तुमचे जहाज दर सेकंदाला एकदा डुलते. मोठे जहाज एका अंगाला कलून परत यायला दहा ते वीस सेकंद घेते, सेकंदा-दोन सेकंदांत डुलते ती होडी.

वेग कमी केलात की लगेच एक तांत्रिक अडचण समोर येईल, ती आधीच सांगून ठेवते, कारण त्यात माझे स्वतःचे तीन आठवडे गेले आहेत. चौकटीची रुंदी १९२० पिक्सेल आणि तिच्यात खोलीचे तीन मीटर मावतात असे धरा. एका सेंटिमीटरला ६.४ पिक्सेल येतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर जहाज दर फ्रेमला जेमतेम पाव पिक्सेल सरकते. तुम्ही जहाज दर वेळी नव्याने काढत असाल तर हाताच्या रेषेचा थरथराट, ज्याला ॲनिमेटर ‘बॉइल’ म्हणतात, तोच एक-दोन पिक्सेलचा असतो. म्हणजे पुढे जाण्यापेक्षा जागच्या जागी थरथरणे चार ते आठपट मोठे. माझ्या पहिल्या प्रयत्नात बोट पुढे जाते आहे हे कुणाला कळेना, ती थंडीने काकडते आहे असेच वाटत होते. यातून सुटका अशी: जहाजाची फक्त तीन-चार रेखाटने करा, ती आलटून पालटून, प्रत्येक सहा-आठ फ्रेम टिकतील अशी फिरवा, आणि सरकण्याचे काम रेखाटनाकडून काढून लेयरकडे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या जहाजाच्या अख्ख्या थराकडे द्या. सॉफ्टवेअर पिक्सेलच्या अपूर्णांकात सरकवू देते ना, हे तपासा. ते पूर्ण पिक्सेलवर अडत असेल तर दर चार फ्रेमला एक बारीक हिसका दिसेल. रेषेला जिवंतपणा हवा असेल तर तो धुराच्या रेषेला द्या, झेंड्याला द्या, जहाजाच्या कण्याला देऊ नका.

कॅमेऱ्याबद्दल आणखी थोडे. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांची चळत चालेल, पण मोबाइल हलता कामा नये, आणि त्यातली स्थिरीकरणाची सोय बंद करा, कारण ती दर फ्रेमला चित्र किंचित ताणते. एक्स्पोजर (चित्र किती उजळ येते ते), फोकस आणि रंगाचे संतुलन तिन्ही कुलूपबंद करा. ते आपोआप बदलू दिले तर ढग आल्यावर खोली हळूच उजळते आणि जहाज मात्र तसेच राहते; ठिगळ उघडे पडायला तेवढे पुरते. दिव्याच्या प्रकाशात काम करत असाल तर वीज ५० हर्ट्झची असलेल्या ठिकाणी शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर चित्रावर पट्टे सरकतात. खोली लांबवर पसरलेली भासवायची असेल तर जवळचे आणि लांबचे दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजे. मागचे धूसर झाले की डोळा वस्तूला खेळणे समजतो. मोबाइलचा छोटा सेन्सर इथे तुमच्या बाजूने आहे, त्यामुळे पार्श्वभूमी मुद्दाम धूसर करणारी सोय वापरू नका.

आता सावली आणि आड जाणे. माझ्या अनुभवात या दोन गोष्टी जमल्या तर रंग थोडा चुकला तरी चालतो, आणि या दोन चुकल्या तर रंग कितीही जुळवला तरी उपयोग होत नाही. आड जाणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत भक्कम युक्ती आहे. अमेरिकी व्यंगचित्रकार विन्सर मॅके १९१४ मध्ये रंगमंचावर उभा राहून पडद्यावरच्या, स्वतः काढलेल्या डायनोसॉरला आज्ञा देत असे. शेवटी तो पडद्याआड जाई आणि त्याच क्षणी काढलेला मॅके पडद्यावर येऊन त्या प्राण्यावर स्वार होई. खऱ्या आणि काढलेल्या जगांतले अंतर त्याने एका आडोशाने मिटवले. तुमच्या खोलीत असे आडोसे भरपूर आहेत: पलंगाचा पाय, लोंबती चादर, दाराची चौकट. तुमचे जहाज सध्या या सगळ्यांच्या पुढून जाते. ते किमान एकदा तरी कशाच्या तरी मागे गेले पाहिजे, आणि शक्यतो एका वस्तूच्या मागून व दुसरीच्या पुढून. पलंगाच्या पायाला मास्क करणे, म्हणजे तेवढ्या आकारात जहाज झाकले जाईल असे करणे, पंधरा मिनिटांचे काम आहे, कारण कॅमेरा हलत नाही. चादरीची झालर वाऱ्याने हलत असेल तर मात्र दर फ्रेमला मास्क बदलावा लागेल. तिथे पंखा बंद करा, चित्रीकरणानंतरचे दोन दिवस वाचतील.

सावलीसाठी मी एक गोष्ट कधीच टाळत नाही. चित्रीकरणाच्या वेळी जाड पुठ्ठ्याचे, जहाजाएवढे आणि साधारण त्याच आकाराचे कापून घेतलेले प्रतिरूप ठरलेल्या वाटेवर ठेवते, त्याच प्रकाशात दहा सेकंद चित्रण करते, ते जागोजागी सरकवून पुन्हा करते, आणि मग उचलून रिकाम्या खोलीचे मुख्य चित्रण करते. आता सावली कशी असते याचा अंदाज बांधायची गरज राहत नाही, ती समोर दिसते. आणि ती नेहमी आपल्या कल्पनेपेक्षा वेगळी असते. जिथे पुठ्ठा फरशीला टेकतो तिथे एक अगदी बारीक, जवळजवळ काळी रेघ असते. तिथून सावली जसजशी दूर जाते तसतशी तिची कड विरघळत जाते आणि ती फिकट होते. तिचा रंग काळा नसतो. खिडकीतून ऊन येत असेल तर सावली निळसर असते, जवळ लाल चादर असेल तर तिच्यात लालसर झाक उतरते. आणि दोन फरशांच्या जोडावर ती किंचित मोडते. तुम्ही जहाजाखाली एकच करडी, लंबगोल, सगळीकडे सारखी मऊ सावली दिली आहे. तिच्याऐवजी दोन सावल्या वेगवेगळ्या लेयरवर काढा, टेकल्या जागेची बारीक रेघ एका लेयरवर आणि पसरणारी मऊ सावली दुसऱ्यावर, दोन्ही ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने, म्हणजे खालचे चित्र फक्त गडद होईल अशा, मिसळा, आणि रंग पुठ्ठ्याच्या चित्रणातून उचला. फरशी गुळगुळीत असेल तर जहाजाचे उलटे, अंधूक प्रतिबिंबही लागेल. ते खाली जाताना विरत गेले पाहिजे.

काळा रंग, कण आणि कड यांचे थोडक्यात सांगते. खोलीतला सर्वांत गडद भाग, समजा पलंगाखालचा कोपरा, मोजून पाहा. तो पूर्ण काळा नसतो. तुमच्या शाईची रेषा त्याहून गडद असेल तर ती काचेवर लिहिल्यासारखी पुढे येते, तिला त्या कोपऱ्याच्या पातळीपर्यंत उजळा. मोबाइलच्या चित्रात, विशेषतः सावलीच्या भागात, कणांची बारीक वळवळ असते आणि रेखाटनात ती नसते. तेवढेच कण जहाजावरही घाला. कड एक पिक्सेलभर मऊ करा, जास्त नको. हे सगळे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

इतके झाल्यावर मोडायच्या एका नियमाकडे या. माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या कृतीचा नियम असा आहे: फरशी ही जहाजासाठी पाणी आहे, बाकी सगळ्यांसाठी फरशीच. हा नियम सुंदर आहे आणि तो तुम्ही धरून ठेवावा असे मला मनापासून वाटते. पण मग त्याचे परिणाम शेवटपर्यंत पाळले पाहिजेत. जहाजाचा तळ फरशीवर टेकणार नाही, तो फरशीच्या आत किंचित बुडालेला असेल. फरशी खुर्चीसाठी फरशीच असल्यामुळे खुर्चीच्या पायाभोवती तरंग उठणार नाहीत. तुम्ही निळे पाणी काढून फरशीवर पसरवले आहे, ते काढून टाका, कारण पाणी दिसले की फरशी संपली आणि नियमही संपला. जहाजामागे उठणारी लाट दाखवायचीच असेल तर फरशीवरच्याच रेषा, जोड आणि डाग किंचित वाकवा, एक-दोन पिक्सेलच, आणि जहाज पुढे गेल्यावर हळूहळू सरळ होऊ द्या. फरशी कठीणही आहे आणि तिला लाटही आली, हे एकाच वेळी दिसले पाहिजे.

तुमच्या व्हिडिओच्या मध्यावर एक व्यक्ती खोलीत येते आणि जहाजांकडे पाहून थबकते. तो प्रसंग काढावा, असे मी सुचवेन. स्वप्नातली माणसे चकित होत नाहीत, आणि पात्र चकित झाले की ‘हे विलक्षण आहे’ असे तुम्हीच प्रेक्षकाला सांगून टाकता. तिला येऊ द्या, पाण्याचा पेला उचलू द्या, जाऊ द्या. तिचे पाऊल पडेल तिथून जहाज आधीच थोडे बाजूला वळलेले असावे. तिला ठाऊक नाही आणि जहाजाला मात्र तिची रोजची वाट पाठ आहे, एवढ्यातून मोठी गोष्ट सांगितली जाते. कॅमेऱ्यानेही जहाजाकडे धाव घेऊ नये. शॉट सुरू झाल्यावर चार-पाच सेकंद खोली रिकामीच राहू द्या, तेवढ्यात प्रेक्षक तिच्यात बसतो.

आवाजाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण सध्याचे संगीत या कृतीला मारते आहे. चित्रीकरण संपल्यावर सगळी उपकरणे बंद करून त्या खोलीची शांतता दोन मिनिटे ध्वनिमुद्रित करा. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, आणि तीच तुमच्या कृतीचा पाया आहे. जहाजाच्या इंजिनाचा आवाज घेतलात तर तो त्या खोलीतच एका लहान स्पीकरवरून, जहाज असेल तिथे जमिनीवर ठेवून, वाजवा आणि कॅमेऱ्याच्या जागेवरून पुन्हा मुद्रित करा. भिंतींवरून परतणारा आवाज त्यात आपोआप येतो. भोंगा एकदाच, आणि जहाज पलंगाआड असताना वाजवावा. दिसत नसलेल्या वस्तूचा आवाज आला की ती वस्तू तिथे आहे याबद्दल शंका राहत नाही.

म्हणजे कामाचा क्रम असा लागतो: कॅमेरा खाली आणणे, पुठ्ठ्यासह आणि पुठ्ठ्याविना चित्रण, वेगाचा हिशेब, आडोसे, सावल्या, मग काळा रंग व कण, आणि सर्वांत शेवटी आवाज. रंगछटा आणि धूसरपणा यांना या क्रमात मी जागाच दिलेली नाही. सगळे झाल्यावरही ती हवीशी वाटली तर जरूर वापरा.

मात्र सगळा व्हिडिओ एकदम नव्याने करायला घेऊ नका. आधी एकच वीस सेकंदांचा शॉट करा, पलंगाच्या पायापासचा. त्यात जहाज काढूच नका, फक्त त्याची सावली फरशीवरून सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने सरकू द्या, फरशांच्या जोडावर मोडू द्या आणि पलंगाच्या पायावर क्षणभर चढून पलीकडे उतरू द्या. तो शॉट अशा कुणाला तरी दाखवा, ज्याला तुमच्या कामाबद्दल काहीच ठाऊक नाही, आणि पाहताना त्याची नजर कुठे जाते तेवढे पाहा. तो चौकटीच्या वरच्या भागात, सावली जिच्यामुळे पडली ती वस्तू शोधू लागला, तर जहाज काढायला बसा. तो फरशीवरच्या करड्या डागाकडेच पाहत राहिला, तर सावलीची टेकल्या जागेची रेघ पुन्हा तपासा. बहुतेक वेळा ती हवी त्यापेक्षा जाड झालेली असते.